आमच्या साडूंचे ‘ते’

या जगात आपोआप काहीही घडत नाही, दुधावर साय धरते तीसुद्धा कुणाच्या तरी सांगण्यावरून धरते, असं मनापासून मानणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. मित्र असता तर टाळता आला असता, शेजारी असता तर घर बदललं असतं. पण साडू हे प्रकरण बायकोबरोबर घरात येतं, त्याला इलाज नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे ताईचे, हे यजमान. माझ्यापेक्षा बरेच वडील, अंगानं किडकिडीत, आवाज मात्र असा की समोरासमोर बसून बोलले तरी पलीकडच्या इमारतीतल्या माणसानं ‘काय हो?’ म्हणून खिडकीत यावं. त्या आवाजाला कारण होतं. पनवेलच्या बसस्टँडवर माईकसमोर बसून गाड्यांच्या घोषणा करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. आपट्याची गाडी अमुक फलाटावर लागली आहे, उरणची गाडी सुटत आहे, पेणची गाडी रद्द करण्यात आली आहे. डोक्यात किडा शिरला तो या शेवटच्या वाक्यातून, असं ते स्वतःच सांगायचे. “रद्द करण्यात आली आहे! अहो साडू, पण कोणी केली? वाक्याला कर्ता कुठाय? मी साहेबांना विचारलं, ते म्हणाले वरून आलंय. वर विचारलं, तर म्हणे त्याच्या वरून. म्हणजे लोकांच्या शिव्या खायला मी, आवाज माझा, आणि वाक्य भलत्याचंच!” घेण्यात येईल, देण्यात येईल, कळविण्यात येते, असली सरकारी मराठी कानावर पडली की त्यांचं पित्त खवळायचं. शाळेत मुलांना कर्मणी प्रयोग शिकवायला सुरुवात झाली त्याच दिवशी या देशाला गुंडाळायचं काम सुरू झालं, हे त्यांचं ठाम मत होतं.

किड्याला खाद्य मिळालं ते त्या पुस्तकातून. कुणी प्रवासी स्टँडच्या बाकावर एक जाडजूड इंग्रजी पुस्तक विसरून गेला. हरवलेल्या वस्तूंच्या पेटीत ते कितीतरी दिवस पडून होतं. साडूंनी माईकवरून पुन्हा पुन्हा पुकारा केला, कुणी फिरकलं नाही, तेव्हा ते स्वतःच घरी घेऊन आले आणि शब्दकोश मांडीवर घेऊन वाचायला बसले. पुस्तकाला कव्हर नव्हतं, पहिली पानं नव्हती, त्यामुळे ते कुणी लिहिलं, त्याचं नाव काय, हे आजतागायत आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नाही. विषय मात्र साडूंच्या अगदी हृदयातला. जगातली सरकारं, बँका, वर्तमानपत्रं, निवडणुका सगळं मूठभर माणसं पडद्याआडून चालवतात. सरकारं येतात आणि जातात, ही माणसं जात नाहीत. ती कधी समोर येत नाहीत आणि त्यांचे फोटो कधी छापून येत नाहीत. लेखक दर दोन पानांनी वाचकाला वचन द्यायचा की या माणसांची नावं शेवटच्या प्रकरणात देतो. आणि नेमकं शेवटचं प्रकरण फाटलेलं! दुसरा कोणी असता तर चरफडला असता. साडूंना आनंदाचं भरतं आलं. “यापेक्षा मोठा पुरावा काय पाहिजे तुम्हाला?” असं त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, अहो, स्टँडवरच्या भेळवाल्यानं पानं फाडली असतील. तर म्हणाले, “मग त्याला नेमकं तेच प्रकरण कसं सापडलं?” नावंच नाहीत म्हटल्यावर त्या मंडळींना म्हणायचं तरी काय? साडू त्यांना ‘ते’ म्हणू लागले. हळूहळू आम्हीही म्हणू लागलो.

त्या दिवसापासून साडूंचं वर्तमानपत्र वाचणं बदललं. छापलेलं वाचायला त्यांना एक मिनिट लागायचं. न छापलेलं वाचायला सगळी सकाळ. “आज पहिल्या पानावर काहीच नाही, म्हणजे बघा केवढं मोठं दाबलंय!” टीव्हीवरच्या बातम्या ते आवाज बंद करून बघायचे, कारण बोलणं ‘त्यांनी’ लिहून दिलेलं असतं, खरं काय ते निवेदिकेच्या डोळ्यांत दिसतं. ती मध्येच डावीकडे बघते ना, तिथे कोण उभं असतं, याचा छडा लावायचा त्यांनी बरेच दिवस प्रयत्न केला. माझं पनवेल गावात तळ्याजवळ चष्म्याचं दुकान आहे. त्यांचा नंबर वाढला की माझ्या दुकानात बसून ते मला खाजगीत विचारत, “साडू, आपल्यात राहील. नंबर वाढवायला तुम्हाला वरून काही सांगितलंय का?” मी म्हणायचो, वरून नाही, तुमच्या डोळ्यातून सांगितलंय. मग ते माझ्याकडे कीव केल्यासारखं बघायचे. त्यांच्या मते माझ्यासारखी भोळी माणसं आहेत म्हणूनच ‘त्यांचं’ चालतं.

निवृत्त झाल्यावर साडूंनी विचुंब्याला एका नव्या इमारतीत ब्लॉक घेतला. तिथे नवा विमानतळ म्हणजे त्यांना पर्वणीच झाली. विमान दिसलं की गॅलरीत जाऊन वर बघत म्हणायचे, “आला एक त्यांच्यातला.” त्या इमारतीत उरणकडच्या करंज्याची एक कोळीण मासळी घेऊन यायची, तिच्याशी त्यांचा दर खेपेला वाद. सुके बोंबील महाग का झाले, हा भाव कोण ठरवतं, तू नाही, तुझा दलाल नाही, मग कोण? त्या बाईनं पाटी खाली ठेवून कमरेवर हात ठेवले. “ओ काका, करंज्याला लिलावात आमी बायकाच बोली बोलतो. तिथं दुसरा कोन नाय. औंदा माल कमी हाय म्हनून भाव चढलाय, कलला?” साडू तिला म्हणाले, “तुला असं वाटतं की तू बोली बोलतेस.” ती बाई ताईकडे वळून म्हणाली, “काकी, तुमी कसं काडता ओ दिवस?” ताई हसली आणि बोंबलाची जुडी उचलून आत गेली.

एकदा विचुंब्याच्या ज्येष्ठ मंडळींच्या कट्ट्यानं त्यांचं व्याख्यान ठेवलं. विषय होता, ‘जग कोण चालवतं?’ साडूंनी दाढी केली, इस्त्रीचा सदरा घातला, पुस्तकाला नवं ब्राऊन पेपरचं कव्हर घातलं. आणि ऐन वेळेला क्रिकेटचा सामना लागला. सभागृहात मी, ताई, माझी बायको आणि खुर्च्या मोजून परत न्यायला आलेला मांडववाला, एवढाच जमाव. तो मांडववाला सारखा घड्याळ बघत होता. मला वाईट वाटलं, पण साडू खूश! “सामना आजच का ठेवला? व्याख्यान आजच आहे म्हणून!” एका निवृत्त माणसाचं विचुंब्यातलं व्याख्यान पाडण्यासाठी दोन देशांच्या संघांना समोरासमोर आणण्यात आलं, ही कल्पना त्यांना इतकी सुखावून गेली की त्यांनी चौघांसमोर दोन तास भाषण केलं. मांडववाल्याला तर पटलंसुद्धा. निदान तो तसं म्हणाला, कारण त्याशिवाय साडू खुर्चीवरून उठेनात.

मात्र खरा प्रश्न होता ताईचा. जगाला पटो न पटो, साडूंना ताईला पटवायचं होतं. घरात दोघंच. ताई दुपारी बिरड्याचे वाल सोलायला बसायची. भिजवून मोड आलेले वाल चिमटीत धरून साल काढायची, साल एका ताटलीत, दाणा दुसऱ्या पातेल्यात. समोर साडू पुस्तक उघडून बसायचे. कुठल्या देशातलं सरकार कसं पडलं, कुठल्या पेपरानं काय लपवलं, सगळं मोठ्यानं मराठीत करून सांगायचे. ताई सोलता सोलता म्हणायची, “हो का?” एवढंच. त्या ‘हो का’मध्ये विश्वास आहे की नाही, हे साडूंना कधी कळलं नाही. मला तर वाटतं, अख्ख्या जगाचं गुपित कळलं असं म्हणणाऱ्या या माणसाला आयुष्यभर सतावलं ते एकाच गुपितानं, बायकोच्या ‘हो का’नं. मला म्हणायचे, “साडू, एकदा, फक्त एकदा हिनं म्हणावं, ‘तुमचं बरोबर आहे.’ मग मी पुस्तक मिटून ठेवीन.” ताई जुन्या वळणाची. नवऱ्याचं नाव तिनं कधी तोंडातून काढलं नाही. ह्यांना उसळ आवडते, ह्यांचा चहा व्हायचाय, हे अजून आले नाहीत. साडू समोर असोत नाहीतर ड्युटीवर असोत, ते ‘हे’. त्यामुळे त्या घरात वाटणी अगदी स्वच्छ होती. ‘हे’ म्हणजे नवरा, आणि ‘ते’ म्हणजे जग चालवणारे.

आणि मागच्या वर्षी एक दिवस साडू पेढ्यांचा पुडा घेऊन माझ्या दुकानात आले. गिऱ्हाईक बसलं होतं, त्याच्याही हातात पेढा ठेवला. मला वाटलं, लॉटरी लागली. “पटलं!” साडू म्हणाले, “हिला पटलं!” त्यांचे डोळे भरून आले होते. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी सगळं सविस्तर सांगितलं. आदल्या दुपारी ते नेहमीप्रमाणे मोठ्यानं वाचत होते. एकदम ताईनं ओठांवर बोट ठेवलं आणि म्हणाली, “हळू बोला. ते आत आहेत.” साडू मला म्हणाले, “आत! काय शब्द वापरला बघा! अहो, ते आपल्या घराघरात शिरलेत, यावर पुस्तकात अख्खं प्रकरण आहे. आणि ही न वाचता तिथपर्यंत पोचली!” मग म्हणे तिनं कपाटाची किल्ली शोधता शोधता सांगितलं, की त्यांनी कुठे ठेवली ते मला सांगत नाहीत. आणि संध्याकाळी गॅलरीत उभी राहून, रस्त्याकडे बघत ती म्हणाली, “ते अजून कसे आले नाहीत?” तेव्हा साडूंनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “येतील. एक दिवस सगळ्यांसमोर यावंच लागेल त्यांना.” मी पेढा खाल्ला. काय करणार? इतका आनंदी साडू मी त्याआधी कधी पाहिला नव्हता. उतारवयात का होईना, नवराबायकोचं एका गोष्टीवर एकमत झालं, म्हणून मीही खूश झालो. रात्री जेवताना बायकोला गंमत म्हणून सांगितलं. ती हसली नाही.

दुसऱ्या दिवशी ती मला घेऊन विचुंब्याला गेली. ताईनं दार उघडलं, आम्हाला बघून आनंदली, माझ्या बायकोला जवळ घेतलं, मला म्हणाली, “या, तुमचं दुकान कसं आहे?” सगळं ठीक दिसत होतं. बायको आत स्वयंपाकघरात गेली. ओट्यावर पातेल्यात वालाची सालं होती, नीट धुऊन, मीठ-हळद लावून ठेवलेली. आणि सोललेले दाणे, पांढरेस्वच्छ, कचऱ्याच्या डब्यात. बायको बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. ताई तिच्यामागून आली, पदराला हात पुसत सोफ्याच्या कडेला बसली आणि काळजीच्या सुरात म्हणाली, “अगं, ते ड्युटीवरून अजून आले नाहीत. स्टँडवर फोन लावून बघतेस का?” साडू तिच्या समोरच्याच खुर्चीत बसले होते. गुडघ्यावर पुस्तक होतं. ताईचं बोलणं ऐकून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि विजयानं मान हलवली, ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ अशी. बायकोनं माझा हात धरून मला बाहेर जिन्यावर आणलं. म्हणाली, “अहो, ती ज्यांना ‘ते’ म्हणतेय ना, ते भाऊजी आहेत. आणि भाऊजींना वाटतंय तिला पुस्तक पटलं. आता हे त्यांना सांगायचं कुणी?”

मीच सांगितलं. कसं सांगितलं ते आता आठवत नाही, आठवायचंही नाही. आधी ते हसले. मग त्यांनी ताईला हाक मारली, तिच्यासमोर उभे राहिले आणि विचारलं, “मी कोण?” ताई नम्रपणे म्हणाली, “मी ओळखलं नाही हो. तुम्ही बसा ना, ते येतीलच.” त्यांच्या हातातलं पुस्तक खाली पडलं. साडूंनी ते उचललं नाही.

डॉक्टरकडे मी बरोबर गेलो होतो. डॉक्टर तरुण होता, चांगला होता. फोटो लावून त्यानं मेंदूच्या कुठल्या भागात काय झिजलंय ते समजावलं. औषधानं आजाराची चाल थोडी धिमी होईल, थांबणार नाही, असं म्हणाला. मी मनातून धास्तावलो होतो, की आता साडू उठून या बिचाऱ्याला औषधकंपन्यांवर व्याख्यान देणार. तसं झालं नाही. त्यांनी एकच विचारलं, “हे कशानं झालं?” डॉक्टर म्हणाला, “काका, यात कुणाचा दोष नाही. असं होतं.” साडूंचा चेहरा त्या वाक्यानं असा पडला की डॉक्टरनं त्यांना पाणी दिलं. रिक्षात बसल्यावर मी वाट बघत होतो, आता बोलतील, ‘ते’ म्हणतील, शिव्या देतील. मला खरं तर ते हवंच होतं. पण विचुंबं येईपर्यंत त्यांनी तोंड उघडलं नाही. एक विमान अगदी खालून गेलं, तिकडेही बघितलं नाही.

पुढचे काही महिने फार वाईट गेले. साडू हट्टी माणूस. जगाला पटवायची सवय असलेला माणूस बायकोला ‘मी तुझा नवरा’ हे पटवायला बसला. लग्नाचा फोटो दाखवायचे. फोटोतल्या तरुणाकडे बोट दाखवून ताई म्हणायची, “हो, हेच ते.” मग त्या बोटाकडून तिची नजर समोरच्या म्हाताऱ्याकडे यायची आणि त्यात काही म्हणजे काही हलायचं नाही. ते पुरावे आणायचे, कार्डं, बिल्ला, स्टँडवरच्या निरोप समारंभाची शाल. एकदा तर त्यांनी माईकवरच्या आवाजात अख्खी घोषणा करून दाखवली, आपट्याची गाडी फलाटावर लागली आहे. ताई घाबरून गॅलरीत पळाली आणि शेजाऱ्यांना हाका मारू लागली, की कुणी परका माणूस घरात शिरलाय, आणि त्यांचं सोंग घेतोय. शेजारी धावत आले. सगळे ओळखीचे, पण त्या वेळी करणार काय? एकजण हळूच म्हणाला, “काका, तुम्ही जरा खाली जाऊन या.” आणि स्वतःच्या घरातून साडूंना बाहेर पाठवण्यात आलं. बघा, मीही तसंच लिहून गेलो.

खाली जाऊन ते कुठे जाणार? इमारतीच्या आवारात थोडे घुटमळले, आणि पुन्हा वर आले. किल्ली खिशात होती, पण लावायचा धीर होईना. मग त्यांनी आपल्याच दाराची बेल वाजवली. ताईनं दार उघडलं, पदर सावरला आणि म्हणाली, “अहो, या ना. ते घरी नाहीत, पण येतीलच इतक्यात. चहा घ्याल ना?” मघाची भीती तिच्या चेहऱ्यावर नव्हती. परका माणूस घरात आधीपासून असला तर तो चोर. दारातून बेल वाजवून आला तर तो पाहुणा. साडू चपला काढून आत आले आणि सोफ्यावर, पाहुण्यांनी बसायच्या जागी, टोकाला बसले. त्यांनी हे मला दुकानात बसून सांगितलं. शेवटी म्हणाले, “एवढं एक बरं आहे साडू. आपल्याकडे नवऱ्याला आणि पाहुण्याला एकच ‘अहो’.” हा विनोद केल्यावर त्यांनी चष्मा काढला आणि माझ्या दुकानातल्या फडक्यानं बराच वेळ पुसत बसले.

तेव्हापासून हेच चाललं आहे. सकाळी ताई बरीचशी आपल्याच नादात असते. एक बाई मदतीला येते, ताई तिच्यामागून घरात फिरते. दुपारी झोपून उठली की तिला ‘त्यांची’ आठवण होते. त्याच्या आत साडू सदरा बदलतात, चपला घालून खाली जातात आणि बेल वाजवून वर येतात. कधी स्टँडवरचे सहकारी म्हणून, कधी त्यांचे स्नेही म्हणून. ताई पाहुणचारात कसूर करत नाही. पुस्तक कपाटात गेलंय. वर्तमानपत्र येतं, साडू ते घडीसुद्धा मोडत नाहीत. एकदा मी मुद्दाम म्हटलं, साडू, परवाच्या निवडणुकीचं काय हो, कुणी फिरवली? ते म्हणाले, “काय की.” मला भडभडून आलं. ज्या बडबडीला मी इतकी वर्षं वैतागलो, ती बंद पडली तर इतकं सुनं सुनं वाटेल, असं कधी वाटलं नव्हतं.

परवा ताईच्या चष्म्याची काडी बदलून द्यायला मी दुपारी गेलो. मला तिनं ओळखलं. मला, नात्यात कालपरवा आलेल्या मला! धाकटीचे यजमान म्हणाली, दुकानाची चौकशी केली. मी चष्मा तिच्या कानावर बसवून देत होतो, तेवढ्यात बेल वाजली आणि साडू आले, इस्त्रीच्या सदऱ्यात. ताईनं त्यांना बसायला सांगितलं, चहा आला, आणि आम्ही तिघं इकडचं तिकडचं बोलू लागलो. तिला त्या दिवशी फार बोलावंसं वाटत होतं. तिनं साडूंना विचारलं, “तुम्ही त्यांच्याबरोबर स्टँडवर होता ना?”

“हो.”

“मग ते पुस्तक तुम्हालाही ऐकवलं असेल.” ताई हसली. “सगळ्यांना ऐकवतात. लोक हसतात त्यांना, मला माहीत आहे. पण तुम्ही हसू नका हं. त्याचं असं झालं, आम्हाला एक मुलगी झाली होती. चांगली गुटगुटीत. बारसं झालं, आणि मग एका सकाळी ती उठलीच नाही.”

माझ्या लग्नाच्या जरा आधीची ही गोष्ट. बायकोनं मला एकदाच, एका वाक्यात सांगितली होती. या दोघांच्या तोंडून त्या मुलीचा शब्द मी कधीही ऐकला नव्हता. साडूंनी कप बशीत ठेवला.

“डॉक्टर म्हणाले, कुणाचा दोष नाही, असं होतं,” ताई म्हणाली. “मी रडले, रडून रडून थकले. त्यांना रडताच येईना. सारखे विचारायचे, कुणाचा नाही म्हणजे काय? कुणाचा तरी असलाच पाहिजे. आता घरात आम्ही दोघंच. तिला शेवटचं पाजून निजवलं होतं मी. आलेगेले माझ्याकडे बघायचे, मी मान खाली घालायची. मला रोज वाटायचं, आज हे मला विचारणार. आणि मग त्यांना ते पुस्तक सापडलं.” ती जरा थांबली, चष्मा नीट केला. “साऱ्या जगाला बोल लावला हो त्यांनी. सरकारला लावला, पेपरवाल्यांना लावला, त्या मासेवाल्या बाईलासुद्धा सोडलं नाही. मला मात्र कधी एका शब्दानं विचारलं नाही. म्हणून मी ऐकते. रोज ऐकते.”

अख्ख्या स्टँडला ऐकू जाणारा तो आवाज, पण शेजारी बसून मला जेमतेम ऐकू आलं इतक्या हळू साडूंनी विचारलं, “आणि तुम्हाला पटतं का हो, त्या पुस्तकातलं?”

“छे!” ताई खुदकन हसली. “अक्षर पटत नाही. पण त्यांना सांगू नका हं. त्यांचा फार जीव आहे त्यात.”

“नाही सांगत,” साडू म्हणाले.

ताईचं समाधान झालं. साडू उठायला लागले तशी तिनं हातानंच त्यांना बसवलं. “अहो, इतक्यात कुठे निघालात? ते येईपर्यंत थांबा ना.”

“थांबतो,” साडू म्हणाले.